घराण्यात कोणालाही आकडी नसताना मुलीचा आजार जनुकीय कसा असेल? तपासणी करून घ्यावी का?

सिंहगडरोडकरीण:

नमस्कार. माझी मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या लसीच्या रात्री तिला ताप भरला आणि पहिली आकडी आली. ती सुमारे पंचवीस मिनिटे चालली आणि झटके फक्त डाव्या हातापायाला येत होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी, अंगात ताप नसताना, मालिशवाल्या मावशींनी तिला कढत पाण्याने न्हाऊ घातले, ओव्याची धुरी दिली आणि दुपट्यात गुंडाळले, तोच दुसरी आकडी आली. या वेळी उजवी बाजू होती. आजवर अशा लांबलेल्या पाच आकड्या झाल्या असून दोनदा तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. एमआरआय व्यवस्थित आहे, मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख म्हणजे ईईजी, तोही पहिल्या वेळी व्यवस्थित होता. आम्ही सुरुवातीला ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी ऑक्सकार्बाझेपिनचे सिरप दिले होते. त्यावर दीड महिन्यात आकड्या वाढल्या आणि जागेपणी दचकल्यासारखे बारीक झटकेही दिसू लागले. सध्याच्या बालमेंदूरोगतज्ज्ञांनी ते औषध हळूहळू कमी करत बंद केले, व्हॅल्प्रोएट सुरू केले आणि एक्सोम ही जनुकांची तपासणी करून घ्या, असे सांगितले.

तपासणीचा खर्च वीस हजारांच्या पुढे आहे आणि तो विम्यात बसत नाही. सासरी आणि माहेरी तीन पिढ्यांत कोणालाही फिट आलेली नाही, मग हा आजार जनुकीय कसा, असा घरात सर्वांचा प्रश्न आहे. सासूबाई ठामपणे सांगतात की हे सारे लसीमुळे झाले. माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की रिपोर्टमध्ये काहीही आले तरी जनुक काही बदलता येत नाही, औषधे तीच राहणार, मग तो कागद घेऊन करायचे काय? मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येत नाही, आणि तपासणी टाळावी असेही वाटत नाही. पुढे दुसऱ्या बाळाचा विचार करावा की नाही, हा प्रश्न तर मी अजून कोणाजवळ बोललेलेही नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

चिंचवडचा बाबा:

ताई, तुमचा मजकूर वाचताना मला आमचेच जुने दिवस आठवले. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याची तपासणी आम्ही तो चार वर्षांचा झाल्यावर केली आणि एससीएन१ए या जनुकात बदल सापडला. त्याआधीची साडेतीन वर्षे आमच्याकडे आजाराला नाव नव्हते आणि नाव नसले की प्रत्येक जण आपापले नाव देतो. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली, इथपासून बारशाला आलेल्या कोणाची तरी दृष्ट लागली, इथपर्यंत सर्व काही माझ्या बायकोने ऐकून घेतले. रिपोर्ट आला त्या दिवशी तिने तो कागद घरातल्या सर्वांसमोर दोनदा मोठ्याने वाचला. मला विचाराल तर त्या कागदाचा एवढा एक उपयोगही वीस हजारांना महाग नाही.

औषधांबद्दल जाणकार सांगतीलच. मी फक्त रोजच्या गोष्टी सांगतो. आंघोळीचे पाणी कोमट ठेवा. आम्ही थर्मामीटर घालून पाहतो आणि ते ३६ अंशांच्या वर जाऊ देत नाही. होळी झाली की आमची दुपारची बाहेरची कामे बंद होतात, शाळेलाही तसे लेखी कळवलेले आहे. आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरात, गाडीत आणि आजोळी असा तीन ठिकाणी ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी बाटलीवरची मुदत पाहतो. आकडी सुरू झाली की प्रथम घड्याळ पाहायचे, मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही. चप्पल आणि कांदा हुंगवायला धावणारे शेजारी प्रेमळ असतात, पण त्यांना दाराबाहेर थांबवायला घरातला एक माणूस आधीच नेमून ठेवावा.

गुणसूत्र:

मी पुण्यातच लहान मुलांचे जनुकीय आजार पाहतो. तुमच्या मुलीला मी तपासलेले नाही, तेव्हा पुढील मजकूर निदान म्हणून न घेता तुमच्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावा.

पहिल्या वर्षात तापात सुरू झालेली, बराच वेळ चाललेली, कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूची आकडी, गरम पाण्याने ती उसळणे, सुरुवातीचा एमआरआय आणि ईईजी निर्दोष असणे, हा क्रम पाहिल्यावर आमच्या क्षेत्रातील बहुतेकांच्या मनात द्राव्हे सिंड्रोम हे नाव येते. फ्रान्समधील मार्सेय येथे काम करणाऱ्या डॉक्टर शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्याचे मूळ मात्र २००१ मध्ये हाती लागले. बेल्जियममधील संशोधकांनी असा आजार असलेली सात मुले तपासली, तेव्हा सातही मुलांच्या एससीएन१ए जनुकात बदल आढळला आणि एकाच्याही आईवडिलांत तो नव्हता.

तुमच्या घरातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच वाक्यात आहे. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द आपण एकमेकांऐवजी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. आनुवंशिक म्हणजे पिढीतून पिढीत आलेले. जनुकीय म्हणजे जनुकातील बदलामुळे झालेले, मग तो बदल आजच का घडलेला असेना. बीज तयार होताना सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर उतरवून घ्यावा लागतो आणि त्यात काही चुका राहतातच. तुम्ही, मी, आपण सर्व जण असे साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन जन्मलो आहोत, जे आपल्या आईवडिलांत नव्हते. बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात. एखादा नको त्या जागी पडला तर तीन पिढ्या निरोगी असलेल्या घरातही असे मूल जन्माला येते. आईने काय खाल्ले, काय चिरले, कोणते व्रत मोडले, याचा त्याच्याशी संबंध नसतो.

आता तो बदल करतो काय, हे पुणेकरांना ढोल-ताशा पथकावरून लवकर कळेल. पथकात ढोल कितीही असले तरी थांबण्याची खूण करणारे हात थोडे असतात, आणि सारा मेळ त्यांच्यावर उभा असतो. मेंदूच्या बाह्यकातही शंभरातील सुमारे वीस पेशी इतरांना आवरण्याचे काम करतात. या आवरणाऱ्या पेशींना संदेश पाठवण्यासाठी जे सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियमचे कण पेशीत आत सोडणारे दार, प्रामुख्याने लागते ते एससीएन१ए या जनुकाच्या सूचनेवरून बनते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की चॅनेल निम्मेच बनते आणि खूण करणारे हात अर्धवट वर होतात. ताप किंवा कढत पाणी यांनी वादन चढले की ते थांबवायला कोणी उरत नाही.

ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन ही औषधे सोडियम चॅनेलच दाबतात. पुष्कळ रुग्णांना ती उत्तम लागू पडतात, पण जिथे हे चॅनेल आधीच अपुरे आहे तिथे ती उरलेल्या हातांनाही खाली खेचतात. तुमच्या मुलीच्या आकड्या त्या सिरपवर वाढल्या, ही माहिती म्हणूनच फार मोलाची आहे. आधीच्या डॉक्टरांवर राग धरू नये, असे मी आवर्जून सुचवतो. एका बाजूची आकडी पाहिल्यावर ते औषध सुचणे स्वाभाविक होते आणि पहिल्या एकदोन आकड्यांवरून हा आजार ओळखणे कोणालाही अवघड जाते.

यजमानांना सांगा, की जनुक बदलता येत नाही हे त्यांचे म्हणणे खरे, परंतु औषधे तीच राहतात हे खरे नाही. याच सोडियम चॅनेलच्या कुटुंबातील एससीएन२ए जनुकात बदल असलेल्या आणि पहिल्या तीन महिन्यांत आकड्या सुरू झालेल्या बाळांत तीच वर्ज्य औषधे पुष्कळदा गुण देतात. केसीएनक्यू२ या जनुकामुळे जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच झटके येऊ लागतात आणि तिथेही कार्बामाझेपिन कामी येते. म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी आकडी, पण एकीचे औषध ते दुसरीचे विष. पीओएलजी जनुकाचा दोष असेल तर व्हॅल्प्रोएटने यकृत धोक्यात येते, म्हणून व्हॅल्प्रोएट सुरू असताना रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. द्राव्हे निश्चित झाल्यास व्हॅल्प्रोएटच्या जोडीला क्लोबाझाम देतात. अमेरिकेत २०१८ मध्ये कॅनाबिडिओल आणि स्टिरिपेन्टॉल, तर २०२० मध्ये फेनफ्लुरामिन या आजारासाठी मान्य झाले आहे. त्यांतील आपल्याकडे काय आणि कसे मिळू शकते, हे निदान हाती असेल तरच डॉक्टर पाहू शकतात.

लसीविषयी. सासूबाईंनी जे पाहिले ते खरेच घडले, त्यांना खोटे पाडू नका. लसीने ताप आला आणि तापाने आकडी आली. फक्त त्या तापाने आजार निर्माण केला नाही, आधीपासून असलेला आजार उघड केला. ऑस्ट्रेलियातील सॅम्युअल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, लसीने मेंदूला इजा झाली असे समजल्या गेलेल्या चौदा रुग्णांची तपासणी केली, तेव्हा अकरा जणांत एससीएन१एमधील बदल सापडला. लस टाळली असती तरी पहिल्या सर्दीखोकल्याच्या तापाने तेच केले असते. पुढील लसी कधी आणि ताप कसा आटोक्यात ठेवून द्यायच्या, हे डॉक्टरांशी ठरवावे. त्या सोडून देऊ नयेत. अशा मुलांना गोवर परवडत नाही.

तपासणी करायची तर मुलीसोबत तुम्हा दोघांचेही नमुने द्या. सापडलेला बदल आईवडिलांत नाही हे कळले की अहवालाचे वजन एकदम वाढते. आणि एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवा: लहान वयात सुरू झालेल्या गंभीर अपस्मारात, म्हणजे आकड्यांच्या आजारात, एक्सोम केले तरी निम्म्याहून अधिक मुलांत उत्तर मिळत नाही. तुमच्या मुलीच्या लक्षणांत शक्यता बरीच जास्त आहे, कारण द्राव्हेच्या शंभरातील ऐंशीहून अधिक मुलांत एससीएन१एचा दोष सापडतो. जनुकाचा एखादा तुकडाच गळलेला असेल तर तो एक्सोममध्ये निसटू शकतो, त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी चाचणी असते.

खोबरेल:

डॉक्टरांनी सविस्तर लिहिले आहे, तरी चिंचवडच्या दादांचे एक म्हणणे मला जसेच्या तसे मान्य नाही. कागद आला आणि घर शांत झाले, असे प्रत्येक घरात होत नाही. आमच्या मुलाच्या पहिल्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असे लिहून आले होते, आणि त्या चार शब्दांनी आमची जेवढी झोप उडवली तेवढी आकड्यांनीही उडवली नव्हती. नातेवाइकांपैकी एकाने तर मोबाईलवर शोधून त्या जनुकाचे नाव सर्वांना पाठवूनही दिले. तेव्हा अहवाल कोण समजावून सांगणार, हे नमुना देण्याआधी ठरवा.

आमचे उत्तर शेवटी जुन्याच तपासणीने पक्के झाले. मुलाला सकाळी उपाशीपोटी झटके जास्त येत आणि काही खाल्ले की तो सावरे. पाठीच्या कण्यातील पाणी काढले तेव्हा रक्तातील साखर ८८ आणि पाण्यातील ३२ निघाली. पाण्यातील साखर रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहून अधिक तरी असायला हवी होती. साखर मेंदूपर्यंत वाहून नेणारी यंत्रणाच एसएलसी२ए१ या जनुकाच्या दोषामुळे अपुरी होती. म्हणजे रक्तात इंधन भरपूर, मेंदूला मात्र उपास. त्यावर औषध नव्हते, आहार होता. गेली सहा वर्षे आमच्याकडे चार भाग स्निग्ध पदार्थाला एक भाग बाकीचे, असे जेवण डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये तोलून होते. तूप, खोबरेल, सायीचे दही आणि अंडे चालते. पोळी, भात, साबुदाणा बंद. खोकल्याच्या सिरपमध्ये साखर असते, म्हणून औषधवाल्याला दर वेळी गोळीच द्या म्हणून सांगावे लागते. हा आहार तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय कोणीही सुरू करू नये. तुमच्या मुलीची लक्षणे वेगळी आहेत, ताई. मी हे एवढ्यासाठी लिहिले, की कारण कळल्याने उपचार बदलतो की नाही, या तुमच्या यजमानांच्या शंकेला आमचे स्वयंपाकघर हेच उत्तर आहे.

शिरूरची सून:

दुसऱ्या बाळाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. माझे लग्न आतेभावाशी झाले आहे. आमच्याकडे यात कोणाला वावगे वाटत नाही. पहिल्या मुलीला जन्मानंतर काही तासांतच झटके सुरू झाले, कोणत्याच औषधाने थांबेनात, आणि शेवटी बी६ जीवनसत्त्व दिल्यावर थांबले. एएलडीएच७ए१ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, एक माझ्याकडून आणि एक ह्यांच्याकडून आलेली. आम्हा दोघांना काहीच त्रास नाही, पण प्रत्येक बाळाला चारात एक धोका. आम्ही दुसऱ्या वेळी सर्व माहिती आधी देऊन ठेवली होती आणि मुलाला पहिल्या दिवसापासून ते जीवनसत्त्व मिळाले. तो आज ‘ग म भ न’ गिरवतो आहे. धाकटा आणि थोरली यांच्यात पडलेला फरक रोज डोळ्यांसमोर दिसतो, त्याविषयी अधिक लिहवत नाही.

गुणसूत्र:

शिरूरच्या ताईंनी महत्त्वाचा भेद दाखवला आहे. दोन्ही प्रतींच्या दोषाने होणाऱ्या आजारात पुढच्या प्रत्येक गरोदरपणी २५ टक्के शक्यता असते आणि जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर असे आजार अधिक दिसतात. नव्याने घडलेल्या बदलात ही शक्यता साधारणपणे एकदोन टक्क्यांच्या आसपास राहते. ती शून्य का नाही, तर कधी कधी आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींतच तो बदल लपलेला असतो आणि रक्तात दिसत नाही. नेमका बदल माहीत असेल तर पुढील गरोदरपणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून तो तपासता येतो. गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच जनुकीय आजारांसाठी ही तपासणी नोंदणीकृत केंद्रांत करण्यास मुभा दिली आहे. लिंग मात्र सांगितले जात नाही. परंतु नेमका बदल ठाऊक नसेल तर गर्भात शोधायचे काय, हा प्रश्न उरतो.

सिंहगडरोडकरीण:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा मजकूर मी छापून घेतला आणि रात्री जेवणानंतर यजमानांनी तो स्वतः वाचला. ढोलाचा दाखला त्यांना पटला, कारण कॉलेजात असताना ते पथकात वाजवत असत. काल आम्ही तिघांचेही रक्त दिले. जांभळ्या टोपणाच्या बाटलीवर मुलीच्या आणि माझ्या नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. चिकटवतानाच माझ्या लक्षात आले म्हणून निभावले. अहवालाला पाच-सहा आठवडे लागतील असे सांगितले आहे. आंघोळीला आता कोमट पाणी असते आणि मावशींची धुरी बंद केली आहे. त्या थोड्या रुसल्या आहेत.

एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. अर्जावर कुटुंबाचा इतिहास लिहायचा होता. मी ‘काही नाही’ असे लिहीत असताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, लहानपणी तापात एकदाच डोळे फिरवले तर तेही लिहायचे का? माझे यजमान दोन वर्षांचे असताना त्यांना तसे झाले होते म्हणे. कांदा हुंगवला, पाच मिनिटांत मूल शुद्धीवर आले, आणि सुनेच्या माहेरी उगीच कळायला नको म्हणून ते पुन्हा कधी कोणी बोलले नाही. त्यांनी स्वतःचे रक्तही द्यायची तयारी दाखवली आहे. हे महत्त्वाचे आहे का?

गुणसूत्र:

अर्जावर जरूर लिहा, आणि प्रयोगशाळेला फोन करून आजच कळवा. शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना तापात अशी एखादी साधी आकडी येऊन जाते आणि बहुतेकांत तिचा पुढे काहीही अर्थ नसतो, तेव्हा त्यावरून आत्ताच निष्कर्ष काढू नका. मात्र एससीएन१एचा सौम्य बदल काही कुटुंबांत केवळ तापातील आकड्यांच्या रूपाने वावरतो, आणि कधी वडिलांच्या मोजक्याच पेशींत बदल असतो व मुलीला तो पूर्णपणे मिळतो. यजमानांचा नमुना वाचताना तज्ज्ञांनी कमी प्रमाणातील बदलाकडेही लक्ष द्यावे, म्हणून ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. आजींचे रक्त सध्या नको; अहवालात तशी गरज दिसली तर मागून घेऊ. त्यांनी सांगितले, हे फार चांगले केले, असे त्यांना माझ्या वतीने कळवा.